स्टाइलशीट बरोबर, तरी पान वेडंवाकडं

तुमच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये पान अगदी हवं तसं दिसतं. तेच पान क्लायंट आयफोनवर उघडतो आणि तळाचं ‘पैसे भरा’ बटण ब्राउझरच्या पट्टीखाली गडप झालेलं असतं. अशा वेळी हात आपसूक कीबोर्डकडे जातो. मार्जिन वाढवून बघायचं, झेड-इंडेक्स ९९९९ करायचा, इम्पॉर्टंट लावायचं, नाहीतर इंटरनेटवर सापडलेल्या चार ओळी आणून चिकटवायच्या. कधीकधी बटण वर येतंही. पण ते का आलं हे कळलेलं नसतं, म्हणून दुसऱ्या एखाद्या फोनवर ते पुन्हा नाहीसं होतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

नव्यानं सीएसएस लिहू लागलेल्यांना, आणि बरीच वर्षं लिहून जेरीस आलेल्यांनाही, माझं आग्रहानं एकच सांगणं आहे. ब्राउझरचा बग हाताळताना तोडगा शोधणं हा कामाचा सगळ्यात लहान भाग असतो. त्याआधी चूक नेमकी कुणाची हे ठरवावं लागतं, आणि त्यानंतर हा तोडगा कधी काढून टाकायचा हे लिहून ठेवावं लागतं. ही दोन्ही टोकं सुटली की स्टाइलशीटमध्ये अशा ओळी साचत जातात, ज्यांना हात लावायची कुणाचीच हिंमत होत नाही.

आधी चूक कुणाची ते ठरवा

‘ब्राउझरचा बग आहे’ असं ज्याबद्दल सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं बग नसतं. एकतर आपण लिहिलेलंच चुकलेलं असतं. किंवा आपण लिहिलेलं ठीक असतं, ब्राउझरही स्पेसिफिकेशनप्रमाणे वागत असतो, फक्त स्पेसिफिकेशन काय म्हणतं ते आपल्याला ठाऊक नसतं. या दोन्ही शक्यता तपासून झाल्यावरच ब्राउझरवर बोट ठेवावं.

सुरुवात साध्या गोष्टींपासून करा. पान प्रायव्हेट विंडोत उघडा, म्हणजे जुनी कॅश आणि बहुतेक एक्स्टेन्शन बाजूला होतात. झूम शंभर टक्क्यांवर आणा. एचटीएमएलच्या अगदी वर डॉकटाइप आहे का ते पाहा. तो नसेल, किंवा सर्व्हरनं त्याच्याआधी एखादा एरर मेसेज छापला असेल, तर ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये जातो, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या पानांसाठी राखून ठेवलेल्या जुन्या रीतीनं वागू लागतो. कन्सोलमध्ये ‘डॉक्युमेंट डॉट कॉम्पॅटमोड’ टाइप केल्यावर ‘बॅककॉम्पॅट’ असं उत्तर आलं तर समजा की हाच घोळ आहे. मग पान डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरमधून काढा. बंद करायचा राहिलेला एखादा डिव्ह अख्खा लेआउट फिरवू शकतो, आणि अशा वेळी सीएसएसकडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी काही सापडत नाही.

यानंतर इन्स्पेक्ट. क्रोममध्ये एखाद्या ओळीवर काट असून शेजारी पिवळा त्रिकोण दिसला तर ब्राउझरला ती ओळ कळलेलीच नाही: स्पेलिंग चुकलंय, किंवा ती प्रॉपर्टी या आवृत्तीत आलेली नाही. नुसतीच काट असेल तर ओळ कळली आहे, पण दुसऱ्या कुठल्यातरी नियमानं तिच्यावर मात केली आहे. फायरफॉक्सचं इन्स्पेक्टर याहून पुढे जातं. ओळ बिनचूक असूनही त्या जागी लागू पडत नसेल, समजा इनलाइन घटकाला विड्थ दिली असेल, तर ते ती ओळ फिकट करून दाखवतं आणि कारणही सांगतं. २०१९ पासूनची ही सोय आहे. क्रोममध्येही आता तशा सूचना येतात, पण मी अजून असा पेच पडला की पान फायरफॉक्समध्ये उघडतो.

स्पेसिफिकेशनप्रमाणे वागूनही ज्यांच्यावर बग असल्याचा आळ येतो अशा काही गोष्टी रोजच्या कामात वारंवार भेटतात. फ्लेक्सच्या ओळीतल्या एखाद्या घटकात लांबलचक यूआरएल किंवा तक्ता आला की तो आक्रसत नाही आणि पूर्ण पान आडवं सरकू लागतं. याचं कारण असं, की फ्लेक्स आयटमची मिन-विड्थ मुळात ‘ऑटो’ असते, म्हणजे आतल्या मजकुराच्या किमान रुंदीपेक्षा तो लहान होत नाही. मिन-विड्थ शून्य लिहिलं की प्रश्न सुटतो. स्टिकी हेडर चिकटत नसेल तर त्याच्या वरच्या पिढ्यांमधल्या कुठल्यातरी घटकावर ओव्हरफ्लो हिडन आहे का ते शोधा. असा घटक स्वतःच स्क्रोल कंटेनर होतो आणि हेडर पानाला चिकटण्याऐवजी त्याला चिकटतं. तिथे हिडनऐवजी ‘क्लिप’ चालतं. सफारीत ते आवृत्ती १६ पासून आहे. झेड-इंडेक्स कितीही वाढवून घटक वर येत नसेल तर वरच्या एखाद्या घटकावर ट्रान्सफॉर्म किंवा एकपेक्षा कमी ओपॅसिटी आहे का ते बघा. त्यामुळे नवा स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट तयार होतो आणि आतले आकडे आतच राहतात.

मॅकवर ठीक आणि विंडोजवर आडवा स्क्रोल, ही तक्रारही अशीच. रुंदी १००व्हीडब्ल्यू दिलेली असते, आणि व्हीडब्ल्यूच्या हिशेबात उभ्या स्क्रोलबारची जागाही धरलेली असते. मॅकवर स्क्रोलबार बहुधा मजकुरावर तरंगतो, त्यामुळे काही जाणवत नाही. विंडोजवर तो स्वतःची जागा खातो, आणि पान तेवढ्या पंधरा-सोळा पिक्सेलनी रुंद होतं. बहुतेक ठिकाणी शंभर टक्के लिहिणं पुरेसं असतं.

एक खूण नेहमी उपयोगी पडते: पान मांडणाऱ्या तिन्ही मोठ्या ब्राउझर इंजिनांत वर्तन सारखंच असेल तर तो बग नसण्याचीच शक्यता फार मोठी. उलट बाजूनं मात्र हे खरं धरू नका. ब्राउझरांमध्ये फरक दिसला म्हणजे कुणीतरी चुकलंच असं नाही. सिलेक्टची यादी कशी दिसावी, तारीख निवडायचा चौकोन कसा असावा, असं बरंच काही स्पेसिफिकेशननं ब्राउझरवर सोडलेलं आहे.

तीन इंजिनं, आणि हातात खरा फोन

आज बाजारात ब्राउझर भरपूर दिसतात, पण पान मांडणारी मोठी इंजिनं तीनच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंग इंटरनेट ब्लिंकवर चालतात. सफारी वेबकिटवर, फायरफॉक्स गेकोवर. ॲपलच्या नियमामुळे आयफोनवरचे क्रोम आणि फायरफॉक्सही आतून वेबकिटच असतात. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून दुसऱ्या इंजिनांना परवानगी मिळाली, आपल्याकडे हे वेबकिटच धरून चालायचं. म्हणून ‘आयफोनवर क्रोममध्येही बिघडतंय, म्हणजे सफारीचा दोष नाही’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये वरच्या यादीतून आयफोन निवडला की बऱ्याच जणांना आयफोनवर तपासल्यासारखं वाटतं. तिथे बदलतं ते चौकटीचं माप आणि ब्राउझरनं सांगितलेलं स्वतःचं नाव; मांडणी करणारं इंजिन ब्लिंकच राहतं. सफारीचा एकही बग तिथे दिसणार नाही. मॅक नसेल तर प्लेराइट या टूलबरोबर येणारं वेबकिट विंडोज आणि लिनक्सवर चालतं, त्यात मांडणीतले बरेच बग पकडता येतात. पण पट्ट्या सरकणं, कीबोर्ड वर येणं, बोटानं स्क्रोल करणं यांसाठी खरा फोनच लागतो. मित्राचा मागा, ऑफिसात एखादा जुना ठेवा, किंवा दूरवरचे खरे फोन ब्राउझरमधून वापरू देणारी सेवा घ्या. अशा सेवांमधली जगभर वापरली जाणारी ब्राउझरस्टॅक रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी २०११ मध्ये मुंबईतच सुरू केली, हे आपल्याकडच्या वेब डेव्हलपरांना ठाऊक असायला हवं.

सफारीची आवृत्ती आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमबरोबरच येते, हेही कायम ध्यानात ठेवा. आयफोन ६ आयओएस १२ वर थांबला, आयफोन ७ आयओएस १५ वर. घरात एका हातातून दुसऱ्या हातात गेलेला आयफोन ७ आजही पैसे भरायला वापरला जात असेल, तर त्यातली सफारी पुढे जाणार नाही. त्या सफारीत हॅज सिलेक्टर आहे, कंटेनर क्वेरी नाहीत. अँड्रॉइडवर क्रोम वेगळा अपडेट होतो, तरी त्यालाही तळ आहे: अँड्रॉइड ७ साठी क्रोम ११९ हा शेवटचा. तुमच्या साइटवर प्रत्यक्ष कोणते ब्राउझर येतात याची आकडेवारी काढा आणि काय कुठल्या ब्राउझरमध्ये चालतं हे सांगणारी ‘कॅन आय यूज’ साइट उघडताना ती शेजारी ठेवा. जगाची सरासरी तुमच्या ग्राहकांना लागू होईलच असं नाही.

पान कापत कापत बगपर्यंत जा

चूक ब्राउझरची आहे असा संशय पक्का झाला की मूळ पानात खटपट करणं थांबवा. पानाची प्रत काढा आणि तिची काटछाट सुरू करा. जावास्क्रिप्ट काढली, बिघाड आहे का? आहे. फूटर काढला, आहे का? आहे. अर्धी स्टाइलशीट उडवली, आता? गेला. म्हणजे कारण त्या अर्ध्यात. ती परत आणा आणि तिचा अर्धा भाग उडवा. हजार ओळींची स्टाइलशीट असली तरी अर्ध्या-अर्ध्यानं गेल्यावर दहाएक फेऱ्यांत एका ओळीपर्यंत पोचता येतं. एचटीएमएललाही हेच लावा. कडा बघण्यासाठी बॉर्डर देऊ नका, आउटलाइन द्या. बॉर्डर जागा घेते आणि मार्जिन एकमेकांत मिसळणं थांबवते, त्यामुळे बघता बघता बिघाडच बदलून जातो.

शेवटी हातात वीस-पंचवीस ओळींचं एक पान राहतं: दोन डिव्ह, चार नियम, आणि एका ब्राउझरमध्ये स्पष्ट दिसणारी चूक. या कामाला कंटाळू नका. बहुतेक वेळा काटछाट चालू असतानाच कारण कळतं, आणि अनेकदा ते आपल्याच कोडमध्ये निघतं. खरंच बग निघाला तर हेच छोटं पान पुढे तीनदा लागतं: तोडगा तपासायला, बग कळवायला, आणि नव्या आवृत्तीत तो गेला का हे पाहायला. म्हणून ते प्रोजेक्टमध्येच एका फोल्डरमध्ये ठेवा.

जुन्या तोडग्यांनी काय केलं

तोडग्याला मुदत का हवी, हे कळण्यासाठी इंटरनेट एक्स्प्लोररचा काळ बघावा. सीएसएसचा प्रस्ताव होकोन व्हियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडला, पहिलं स्पेसिफिकेशन डिसेंबर १९९६ मध्ये आलं. स्पेसिफिकेशनप्रमाणे विड्थ म्हणजे फक्त मजकुराची रुंदी. पॅडिंग आणि बॉर्डर तिच्या बाहेर. ३०० पिक्सेल रुंदी, दोन्ही बाजूंना २० पॅडिंग आणि ५ बॉर्डर दिली तर डबा ३५० चा व्हायला हवा. विंडोजवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर ५ सगळं ३०० मध्येच बसवायचा. यावर टॅन्टेक चेलिक यांनी शोधलेला बॉक्स मॉडेल हॅक प्रसिद्ध झाला. तो ब्राउझरच्या वाचण्यातल्या दुसऱ्या एका चुकीचा फायदा घेऊन चुकणाऱ्याला एक रुंदी आणि बाकीच्यांना दुसरी द्यायचा. पुढे बॉक्स-सायझिंग ही प्रॉपर्टी आली, आणि आज आपण जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टच्या सुरुवातीला जे ‘बॉर्डर-बॉक्स’ लिहितो ते त्या जुन्या ब्राउझरच्या हिशेबासारखंच आहे. ब्राउझर स्पेसिफिकेशनशी चुकला होता, पण लेआउट करणाऱ्याला सोयीचं काय हे त्या चुकीतही होतं, असं माझं मत आहे.

इंटरनेट एक्स्प्लोरर ६ ऑगस्ट २००१ मध्ये आला आणि ७ यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. त्या पाच वर्षांत जगभरच्या स्टाइलशीटमध्ये हॅक भरले गेले. एक्स्प्लोरर ६ ला ‘स्टार एचटीएमएल’ हा सिलेक्टर चुकून लागू व्हायचा, म्हणून त्याच्यासाठीच्या ओळी तिथे लिहायच्या. आणि त्याला चाइल्ड सिलेक्टर कळत नसे, म्हणून शहाण्या ब्राउझरांसाठीच्या ओळी चाइल्ड सिलेक्टर वापरून लिहायच्या. मग एक्स्प्लोरर ७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सिलेक्टर दुरुस्त केले. मांडणीतल्या काही चुका मात्र तशाच राहिल्या. आता नव्या आवृत्तीला तिच्यासाठी आवश्यक असलेल्या ओळी दिसेनात, आणि ज्या ओळी तिच्यापासून लपवल्या होत्या त्या दिसू लागल्या. ब्राउझर सुधारला आणि पानं मोडली. ऑक्टोबर २००५ मध्येच एक्स्प्लोररच्या टीमनं जाहीर विनंती केली होती की हॅक काढा, कंडिशनल कॉमेंट वापरा. त्या कंडिशनल कॉमेंटही पुढे एक्स्प्लोरर १० नं वाचायच्या सोडून दिल्या.

याच काळातला एक चांगला तोडगाही आठवतो. एक्स्प्लोरर ६ मध्ये डावीकडे फ्लोट केलेल्या घटकाचं डावं मार्जिन दुप्पट व्हायचं. त्याच घटकाला डिस्प्ले इनलाइन दिलं की ते ठीक व्हायचं. फ्लोट झालेला घटक स्पेसिफिकेशनप्रमाणे ब्लॉकच धरला जातो, त्यामुळे बाकीच्या कुठल्याही ब्राउझरवर त्या ओळीचा काहीच परिणाम होत नसे. ती लपवावी लागली नाही, आणि ब्राउझर सुधारला तेव्हा तिनं काही मोडलंही नाही. आजही तोडगा निवडताना मी हाच निकष लावतो: सगळ्या ब्राउझरांना दिसला तरी चालेल असा असेल तर घ्यावा. एका ब्राउझरच्या एका चुकीला दुसऱ्या चुकीनं ओळखणारा तोडगा शेवटचा पर्याय. आयफोनपुरता नियम लिहिण्यासाठी ‘-वेबकिट-टच-कॉलआउट’ आहे का असं विचारण्याची पद्धत सध्या चालते. ती ‘स्टार एचटीएमएल’च्याच जातीची आहे हे मनात ठेवून वापरा. आणि ब्राउझरनं सांगितलेल्या नावावर तर कधीच विसंबू नका. क्रोम आपल्या ओळखीत मोझिला आणि सफारी दोन्ही नावं सांगतो, आणि आयपॅडवरची सफारी २०१९ पासून सहसा स्वतःला मॅक म्हणवते.

सीएसएसच्याच नियमांतून निघणारे तोडगे

सीएसएसमध्येच एक सुंदर सोय आहे: जी ओळ कळत नाही ती ब्राउझर गुपचूप सोडून देतो आणि पुढे जातो. सुरुवातीच्या बटणाचंच घ्या. आयफोनवरच्या सफारीत १००व्हीएच म्हणजे पट्ट्या आक्रसल्यावरची मोठी उंची, अँड्रॉइडवरच्या क्रोममध्येही तेच. पट्टी समोर असताना पान दिसणाऱ्या भागापेक्षा उंच होतं आणि तळाचं बटण खाली जातं. वेबकिटकडे याची तक्रार झाली तेव्हा हे जाणूनबुजून केलंय असं उत्तर मिळालं. पट्टी सरकताना दर क्षणी लेआउट हलू नये म्हणून. पुढे यासाठी वेगळी एककं आली: एसव्हीएच, एलव्हीएच आणि डीव्हीएच. मार्च २०२२ मध्ये सफारी १५.४ मध्ये, मग फायरफॉक्स १०१ मध्ये आणि वर्षाअखेरीस क्रोम १०८ मध्ये ती पोचली. तेव्हा मिन-हाइट १००व्हीएच ही ओळ आधी लिहा, तिच्याखाली मिन-हाइट १००एसव्हीएच. जुना ब्राउझर दुसरी ओळ सोडतो, नवा पहिलीवर मात करतो. तळाला महत्त्वाचं बटण असेल तर डीव्हीएचपेक्षा मला एसव्हीएच बरं वाटतं, कारण ते सर्वांत लहान उंची धरतं आणि स्क्रोल करताना पान हलत नाही.

या सोयीला दोन अपवाद आहेत, आणि दोन्ही बराच वेळ खातात. पहिला सिलेक्टरच्या यादीचा. स्वल्पविराम देऊन चार सिलेक्टर लिहिले आणि त्यातला एक ब्राउझरला कळला नाही, तर तो एकटा गळत नाही, पूर्ण नियम गळतो. म्हणून नवा किंवा ठराविक ब्राउझरपुरता सिलेक्टर नेहमी वेगळ्या नियमात लिहा. दुसरा कस्टम प्रॉपर्टीचा. वरच्या उदाहरणात दुसऱ्या ओळीत एसव्हीएच थेट न लिहिता व्हेरिएबलमधून आणलं, तर जुना ब्राउझर ती ओळ वाचताना मान्य करतो, कारण व्हेरिएबलमध्ये काय आहे ते त्याला नंतर कळतं. कळतं तेव्हा आधीची ओळ टाकून झालेली असते. मग १००व्हीएच लागू होत नाही. मिन-हाइट मुळात जशी असते तशी होते, म्हणजे काहीच उंची मिळत नाही.

जिथे एका ओळीनं भागत नाही तिथे सपोर्ट्सचा नियम वापरा: अमुक प्रॉपर्टी कळत असेल तरच आतलं लागू कर. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तो २०१३ पासून, सफारीत आवृत्ती ९ पासून आहे. पण तो डोळे झाकून वापरू नका. गॅप ही प्रॉपर्टी सफारी १२ मध्ये ग्रिडसाठी आली आणि फ्लेक्ससाठी मात्र एप्रिल २०२१ मध्ये, १४.१ मध्ये. मधल्या आवृत्त्यांना ‘गॅप कळतं का’ विचारलं तर त्या ‘हो’ म्हणायच्या, आणि फ्लेक्समधली बटणं एकमेकांना चिकटलेलीच राहायची. सपोर्ट्स फक्त वाचता येतं का एवढं सांगतं, नीट मांडता येतं का ते नाही. त्या वेळी खरा उपाय सरळ होता: फ्लेक्सऐवजी ग्रिड, नाहीतर शेजारच्या घटकांना मार्जिन.

देवनागरीसाठी वेगळं बघावं लागतं ते

मराठी पानं करणाऱ्यांच्या वाट्याला काही वेगळे बिघाड येतात. इंग्रजी पानासाठी केलेली तयार थीम घेतली की मथळ्यांना लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. देवनागरीत त्यानं शिरोरेघ अक्षरागणिक तुटते. मराठी मजकुरासाठी ‘लँग’ सिलेक्टर वापरून ते नॉर्मल करा. लाइन-हाइट कमी ठेवून वर ओव्हरफ्लो हिडन दिलं की वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, उकार खालून. तीन ओळींवर मजकूर तोडणाऱ्या लाइन-क्लॅम्पबरोबर हे हमखास होतं. लाइन-हाइट दीडच्या वर ठेवा आणि मथळ्याच्या डब्याला थोडं पॅडिंग द्या. फॉन्टचं नाव दिलं नसेल तर विंडोजवर निर्मला यूआय, अँड्रॉइडवर नोटो असे वेगवेगळे फॉन्ट येतात आणि प्रत्येकाची उंची निराळी असते. तिथे ‘नॉर्मल’ लाइन-हाइट सोडली तर डब्यांची मापं जुळत नाहीत. यात बग कुणाचाच नाही.

पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा ‘एमआर’ लिहा. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे असतील तर ते त्यामुळेच मिळतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करण्याचा मोह मात्र जपून. ‘स्त्री’ किंवा ‘क्षण’ अशा शब्दांत पहिलं अक्षर कुठे संपतं याबाबत ब्राउझरच्या आवृत्त्यांमध्ये फरक आहे. युनिकोडनं देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम २०२३ मध्ये, १५.१ मध्ये घातला, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांत ‘स्’ मोठा आणि ‘त्री’ लहान असं होऊ शकतं. मजकूर संपादकीय हाताखालून जाणार असेल तर पहिलं अक्षर स्पॅनमध्ये घालून घेणं जास्त भरवशाचं.

तोडगा लिहिताना त्याची मुदतही लिहा

तोडग्याच्या वर कॉमेंट हवीच, आणि ती ‘सफारी फिक्स’ एवढी नको. काय बिघडत होतं, कोणत्या ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीत, बगची नोंद कुठे आहे, आपलं छोटं पान कुठे ठेवलंय, तारीख काय, आणि कोणत्या अटीवर ही ओळ काढायची, एवढं त्यात लिहा. सगळ्या कॉमेंटमध्ये एक ठरलेला शब्द ठेवा, ‘तोडगा’ चालेल, म्हणजे एका शोधात सगळे सापडतात. तोडगे वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे की त्या-त्या घटकाजवळ, यावर मतं वेगळी आहेत. माझा कल जवळ ठेवण्याकडे आहे. घटक काढला की त्याचा तोडगाही जातो. वेगळ्या फाइलमधले तोडगे घटक गेल्यावरही वर्षानुवर्षं राहतात. कॅस्केड लेयर वापरून वेगळे ठेवायचे असतील तर २०२२ पूर्वीच्या ब्राउझरांना लेयरचा अख्खा ब्लॉकच दिसत नाही हे विसरू नका, कारण तोडगा बहुधा त्यांच्यासाठीच असतो.

बग कळवा. क्रोमियमची नोंदवही, वेबकिटची बगझिला आणि मोझिलाची बगझिला सगळ्यांसाठी खुल्या आहेत. आधी शोधा, नोंद असेल तर ‘मलाही होतंय’ असं लिहू नका, क्रोमियममध्ये तारा द्या, बगझिलात स्वतःला सीसी करा, आणि तुमचं पान आधीच्या पानापेक्षा छोटं असेल तर तेवढं जोडा. नसेल तर नवी नोंद करा: काय दिसायला हवं, काय दिसतं, स्पेसिफिकेशनमधलं कोणतं वाक्य मोडतंय, दुसरी दोन इंजिनं काय करतात, आणि ते वीस ओळींचं पान. चांगलं छोटं पान जोडलेल्या नोंदीवर काम होण्याची शक्यता खूप वाढते, कारण इंजिनिअरचा पहिला तास वाचतो. दुरुस्ती झाली की बहुधा तिची चाचणी वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स या सामायिक संचात जाते आणि बाकीची इंजिनंही तीच चालवतात. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला, इगालिया आणि बोकूप दरवर्षी ‘इंटरऑप’ या नावानं ठराविक विषय घेऊन हेच फरक कमी करत आहेत. आज सीएसएस लिहिणं दहा वर्षांपूर्वीपेक्षा सोपं वाटतं त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

नोंद बंद झाल्याचा मेल आला म्हणजे तोडगा लगेच काढता येतो असं नाही. ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीत दुरुस्ती येणार ते बघा आणि कॉमेंटमध्ये तो आकडा टाका. मग दर सहा महिन्यांनी, कामाच्या दिवशी दुपारी तासभर काढून, ‘तोडगा’ हा शब्द शोधा आणि एकेक नोंद आपल्या आकडेवारीशी ताडा. आकड्याखालच्या आवृत्त्या वापरणारे उरले नसतील तर ओळ काढा, छोटं पान तिन्ही इंजिनांत उघडा, आधीचे आणि नंतरचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवा, आणि बदल वेगळ्या कमिटमध्ये टाका, म्हणजे गरज पडली तर तेवढाच मागे घेता येईल. आयफोन ७ वरून पैसे भरणारे अजून येत असतील तर ओळ राहू द्या आणि पुढची तारीख लिहा.